ल्युकोथिआची ओढणी

बॉबलिंगेनच्या आउसलेंडरआम्टमध्ये, म्हणजे आम्हा परदेशी लोकांचे राहण्याचे परवाने जिथं ठरतात त्या कचेरीत, रडकुंडीला आलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. दोन वेळा तर त्यांत मीच होतो. तिथल्या बाकावर बसून मनापासून हसलेली मात्र एकच व्यक्ती मला माहीत आहे, ती म्हणजे वत्सला तांडेल. हातात नंबराची चिठ्ठी, समोर बंद दार, तास उलटून गेलेला. जीव माझा टांगणीला लागला होता, कारण परवाना माझा होता. त्या नुसत्या सोबतीला आल्या होत्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इंजिनिअर, हे दार म्हणजे प्रोटेअस आहे बघा."

मी गाड्यांच्या ब्रेकचं काम करणारा माणूस. प्रोटेअस कोण, हे मला कुठून ठाऊक असणार?

"ग्रीकांच्या समुद्रातला म्हातारा," त्या म्हणाल्या. "त्याला सगळं माहीत असतं, पण सांगायचं नसतं. पकडला की सिंह होतो, साप होतो, पाणी होतो, झाड होतो. आपण काही करायचं नाही, फक्त हात सोडायचा नाही. दमला की मूळ रूपात येतो आणि गपगुमान उत्तर देतो."

दार उघडलं. आतल्या माणसानं सांगितलं, तुमचं आडनाव ह्या खोलीत येत नाही, दुसऱ्या मजल्यावर जा. "सिंह," वत्सलाताई जिना चढताना म्हणाल्या. दुसऱ्या मजल्यावर घरमालकाचा एक कागद कमी निघाला. "साप." तो कागद घरून आणला तर दारावर जेवणाच्या सुट्टीची पाटी. "पाणी. ह्यातून हात निसटतो, सांभाळा." दुपारी तीनच्या सुमारास माझ्या पासपोर्टवर शिक्का बसला तेव्हा माझे पाय दुखत होते आणि त्या मात्र एखादा सामना बघून आल्यासारख्या ताज्यातवान्या होत्या.

त्या आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. रायगड किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यातल्या. वडील बोटीवर तांडेल, म्हणजे सुकाणू सांभाळणारे, आणि आडनावही तेच. ह्या बाईंनी पुण्यात राहून जर्मन शिकलं, मग लॅटिन, मग ग्रीक, आणि अडतिसाव्या वर्षी रेल्वेनं पाऊण तासावरच्या एका विद्यापीठात डॉक्टरेटला आल्या. विषय, रोमन काळातल्या दगडांवरच्या आणि फरशांवरच्या समुद्रदेवता. बॉबलिंगेनमधल्या आम्हा मराठी मंडळींत सगळे मोटारवाले नाहीतर सॉफ्टवेअरवाले. त्यात ह्या म्हणजे खिचडीत केशर. आम्ही त्यांचा आदर करायचो आणि मागं चेष्टाही.

मी एकदा तोंडावरच विचारलं, "ताई, ह्या अभ्यासाचा उपयोग काय?"

"तुमच्या ब्रेकचा काय?"

"गाडी थांबते."

"माझ्या लोकांचा उपयोग तोच होता. माणूस बुडायचा थांबायचा. निदान त्याला तसं वाटायचं, आणि तेवढ्यावर तो आणखी दहा हात मारायचा."

'माझे लोक' म्हणजे देव. त्यांच्याविषयी त्या गावातल्या माणसांविषयी बोलावं तसं बोलायच्या. पोसायडन म्हणजे बोटमालक. राग नाकावर, बायकोला विचारून कधी काही करायचा नाही. त्याला लोक जिवंत घोडे बुडवून द्यायचे. "आपला दर्या नारळावर भागवतो. गरीब स्वभावाचा." अँफिट्रायटी ही त्या बोटमालकाची बायको, लग्नाला नको म्हणून समुद्राच्या टोकापर्यंत पळून गेलेली. ग्लाउकस तर सख्खा भाऊबंद. मूळचा साधा मासेमार, कसलीशी वनस्पती खाऊन देव झालेला. "आमच्यातला एकटाच वर गेला," असं त्या अभिमानानं सांगायच्या. रोमन लोकांचा पोर्टूनस हा बंदराचा देव, हातात किल्ली घेऊन उभा. त्याचं नाव निघालं की त्या गळ्यातली दोरी ओढून आपली किल्ली दाखवायच्या.

ती किल्ली विद्यापीठातल्या प्लास्टरच्या पुतळ्यांच्या दालनाची. रोममधल्या, नेपल्समधल्या मूर्तींच्या पांढऱ्याशुभ्र प्रतिकृती तिथं ओळीनं उभ्या होत्या आणि त्यांची धूळ झटकायचं काम वत्सलाताईंकडे होतं. एका शनिवारी त्यांनी मला, माझ्या बायकोला, मेघनाला, आणि आमच्या इराला तिकडे नेलं. डोक्यावर खेकड्याच्या नांग्या असलेला ओकेआनस, शंख फुंकणारा ट्रायटन. बाई मऊ ब्रश घेऊन त्यांच्यातून फिरत होत्या आणि "सरक बाबा जरा," असं मराठीत म्हणत होत्या. एका कोपऱ्यात मात्र त्या बोलायच्या थांबल्या. तिथं एक बाई होती, फारशी देखणी नाही, नाक तुटलेलं, हातात उलगडलेलं कापड. तिला त्यांनी ब्रशनं पुसलं नाही, स्वतःच्या रुमालानं पुसलं.

ती ल्युकोथिआ. तिची गोष्ट आम्हाला नंतर कळली, आणि तीही मुलांमुळे.

दर शनिवारी चर्चच्या सभागृहाची एक खोली घेऊन आम्ही मुलांसाठी मराठी वर्ग चालवायचो. शिकवायचं काम वत्सलाताईंकडे. मुलांना मराठी कळायचं, उत्तर मात्र जर्मनमधून यायचं. त्यांनी पहिले दोन आठवडे बाराखडी घेतली, मुलं जांभया देऊ लागली, तेव्हा तिसऱ्या शनिवारी फळ्यावर मोठ्ठा त्रिशूळ काढला आणि पोसायडनची गोष्ट मराठीत सुरू केली. मुलांना ही मंडळी शाळेमुळे अर्धीमुर्धी माहीत होती. मधेच कुणी चूक काढायचं, भांडायचं, आणि भांडता भांडता मराठी शब्द तोंडात यायचे. पालकांचं मात्र बिनसलं. एक गृहस्थ मला म्हणाले, "आम्ही मुलांना श्लोक शिकायला पाठवतो, आणि पोरगं घरी येऊन पोसायडनची शपथ घेतं." मी ती तक्रार हसत हसत ताईंना पोचवली.

"त्यांना सांगा," त्या म्हणाल्या, "शपथ मराठीत घेतो ना? मग झालं तर."

त्या वर्गात ल्युकोथिआची गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली. मी मागं खुर्च्या लावत होतो म्हणून ऐकली. ही मूळची देवी नव्हे, माणूस. तिची बहीण मेली. बहिणीचं तान्हं मूल हिनं आपल्या घरी आणून वाढवलं. ह्या एवढ्या गोष्टीचा देवांच्या राणीला राग आला. तिनं हिच्या नवऱ्याला वेड लावलं, घर उद्ध्वस्त केलं, आणि शेवटी ही आपलं मूल उराशी धरून कड्यावरून समुद्रात पडली. समुद्रातल्या देवांना दया आली, त्यांनी तिला आपल्यात घेतलं. तेव्हापासून ती बुडणाऱ्यांसाठी धावते. वादळात तराफा फुटलेल्या एका खलाशापाशी ती पाणपक्षी होऊन आली आणि आपली ओढणी त्याला दिली. ही छातीला बांध, बुडणार नाहीस. पण जमिनीला हात लागला की सोड, पाण्यात परत फेक, आणि फेकताना तोंड दुसरीकडे कर.

"वारुम?" एक मुलगा म्हणाला.

"मराठीत."

"का?"

"बघितलं की हात सुटत नाही," वत्सलाताई म्हणाल्या.

पहिल्या बाकावर जुई बसली होती, त्यांच्या बहिणीची मुलगी. ती हा सगळा वेळ पेन्सिलीला टोक करत होती.

जुईची आई काविळीनं आठ दिवसांत गेली. वडील पनवेलला नोकरीला. पाळी बदलती, घरात बाईमाणूस नाही. वत्सलाताई सुट्टी काढून गेल्या आणि सहा वर्षांच्या पोरीला घेऊन आल्या. भाचीला परवाना सहजासहजी मिळत नाही. कित्येक महिने त्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत प्रोटेअसला धरून होत्या. शेवटी अपवाद म्हणून परवानगी मिळाली, तीही त्यांची डॉक्टरेट चालू असेपर्यंत, वडिलांच्या संमतीपत्रावर.

आता माझ्या चुकीविषयी सांगितलं पाहिजे. ते टाळून हे व्यक्तिचित्र लिहिता आलं असतं तर मला आवडलं असतं.

जुई आली त्याच आठवड्यात तिला ताप भरला, आणि शाळेत नाव घालायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. वत्सलाताई तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होत्या. मी म्हटलं, फॉर्म मी भरतो, तुम्ही नुसती सही करा. नाव, जन्मतारीख, पत्ता सगळं ठीक झालं. मग आला रकाना, पालकाचं मुलाशी नातं. मी विचारलं, "इथं काय लिहू?" त्या पोरीकडे बघत म्हणाल्या, "लिहा योग्य वाटेल ते."

मावशीला जर्मनमध्ये 'टांटं' म्हणतात हे मला माहीत होतं. पण जर्मन टांटं म्हटली की नाताळला केक घेऊन येणारी आणि संध्याकाळी परत जाणारी बाई डोळ्यांसमोर येते. इथं तर पोर आईवेगळी, आणि मांडी देणारी ही. आपल्याकडे अशा वेळी कोण हिशेब करतं? माझी स्वतःची मावशी मला चारचौघांत 'माझा मोठा' म्हणायची आणि माझ्या आईला त्यात काही खटकायचं नाही. मी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'मुटर'. आई. त्यांनी सही केली, मी फॉर्म शाळेत नेऊन दिला, आणि एक चांगलं काम केल्याच्या समाधानात घरी येऊन चहा प्यायलो.

पुढची दोन वर्षं बरी गेली. जुई इराच्या वर्गात होती. दोघी एकमेकींशी जर्मनमध्ये बोलायच्या आणि भांडण मात्र मराठीत करायच्या. वत्सलाताई सकाळी पोरीला शाळेत सोडून गाडी पकडायच्या, दुपारी परत. प्रबंधाची पानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर, त्यांच्यावर मिठाचा डबा ठेवलेला. जुई त्यांना मावशी म्हणायची. एकदा मेघनानं तिला लाडानं विचारलं, "तू मावशीला आई का नाही म्हणत गं?" ती म्हणाली, "कारण ती मावशी आहे." लहान मुलांना असल्या बाबतीत अजिबात घोळ नसतो.

ज्या उन्हाळ्यात फुटबॉलच्या सामन्यांसाठी सगळ्या बाल्कन्यांवर जर्मनीचे झेंडे लागले होते आणि रस्त्यात मोटारी हॉर्न वाजवत फिरत होत्या, त्या उन्हाळ्यात पिवळा लिफाफा आला. पोस्टमन त्याच्यावर तारीख घालून देतो तो सरकारी लिफाफा. वत्सलाताई तो घेऊन खाली आमच्याकडे आल्या. चेहरा नेहमीचाच, पण बसल्या नाहीत. जुईच्या परवान्याची मुदत वाढवायची म्हणून कचेरीनं शाळेकडून दाखला मागवला होता. दाखल्यावर आई म्हणून वत्सला तांडेल. कचेरीच्या फायलीत आई मयत, मुलगी मावशीकडे. मग खरं काय? खोटी माहिती का दिली ह्याचा खुलासा करायला समक्ष हजर राहावं, अन्यथा मुलीचा परवाना वाढवला जाणार नाही.

मी पत्र दोनदा वाचलं. "ताई, हे मी लिहिलंय," मी म्हटलं. "मी येतो आणि सांगतो."

"तुमचा परवाना कधी संपतो?"

"ऑक्टोबरला."

"आणि जातो कुणाकडे?"

"त्याच कचेरीत."

"मग गप्प बसायचं," त्या म्हणाल्या. "तुमच्यामागं मेघना आहे, इरा आहे. बुडायचं असलं तर एकानं बुडावं, सगळी बोट कशाला?"

आणि मी गप्प बसलो. मेघनानं त्या दिवशी माझ्या ताटात भाजी वाढली ती माझ्याकडे न बघता. मला माझी लाज वाटली, आणि ती लाज वाटूनही मी गप्पच राहिलो, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

खुलाशाच्या दिवशी त्यांनी मला सोबत बोलावलं. "जर्मनसाठी नव्हे. ते मला तुमच्यापेक्षा बरं येतं. नुसतं बसायला या." आत फ्राऊ रीडलिंगर नावाच्या बाई होत्या. पन्नाशीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात, खिडकीत तीन कुंड्या. त्यांनी फॉर्मची प्रत टेबलावर आमच्याकडे वळवून ठेवली. दोन वर्षांनी माझं अक्षर माझ्यासमोर आलं. मी एकचा आकडा म्हणून आपल्याकडच्यासारखी सरळ काठी काढतो. जर्मन माणूस त्याला वर तिरकी शेंडी काढतो. त्या पानावर जन्मतारखेत माझे असे दोन एकचे आकडे उभे होते, आणि ह्याच इमारतीत माझ्या स्वतःच्या फायलीत तसेच आणखी कितीतरी असणार होते.

"हे कुणी भरलं?"

"सही माझी आहे," वत्सलाताई म्हणाल्या.

"बरं, सही दिसतेय. अक्षर तुमचं नाही." त्यांनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं.

"अक्षर कुणाचंही असो. मी वाचलं होतं. वाचल्याशिवाय मी सही करत नाही. दगडावर झिजलेल्या चार अक्षरांसाठी मी चार महिने घालवते."

"म्हणजे खोटं आहे हे माहीत असून तुम्ही सही केलीत."

मला वाटलं, संपलं. मी खुर्चीत पुढे झालो, आता बोलायचंच म्हणून. तेवढ्यात वत्सलाताईंचा पाय टेबलाखाली माझ्या पायावर पडला. चांगला जोरात पडला.

"मला ते खोटं वाटलं नाही," त्या म्हणाल्या. "रोममध्ये एक देवी होती, मातेर मातूता. ग्रीकांच्या ल्युकोथिआलाच रोमन लोक त्या नावानं ओळखायचे. जूनमध्ये तिचा सण असायचा. रोमच्या बायका त्या दिवशी देवळात जायच्या, आणि बहिणीची मुलं कडेवर घ्यायच्या. आधी बहिणीच्या मुलांसाठी मागणं. दोन हजार वर्षांपूर्वी. माझा प्रबंध ह्याच्यावर आहे."

"फ्राऊ टांडेल, हे रोम नाही. हे बॉबलिंगेन आहे."

"गेनाऊ, अगदी बरोबर. रोममध्ये त्यांना फॉर्म भरायला लागला नाही."

फ्राऊ रीडलिंगर हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. बाहेर कुठल्याशा मोटारीचा हॉर्न वाजत गेला, बहुतेक त्या संध्याकाळी सामना असावा.

"मुलगी तुम्हाला काय हाक मारते?"

"मावशी. आईची बहीण."

"म्हणजे मुलगी खरं सांगते," त्या म्हणाल्या. "आठ वर्षांची मुलगी. आणि मोठी माणसं असं लिहून ठेवतात."

वत्सलाताईंनी गळ्यातली किल्ली मुठीत धरली आणि म्हणाल्या, "तिच्या आईची जागा घ्यायची नव्हती मला. ती जागा रिकामी दिसायला नको होती, एवढंच."

फ्राऊ रीडलिंगरनी बराच वेळ काही टाइप केलं. मग निर्णय सांगितला. खोट्या माहितीची नोंद फायलीत राहील, पुढची कारवाई होणार नाही. मुलीचा परवाना डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेपर्यंत, म्हणजे पुढच्या वसंतापर्यंत. त्यानंतर वाढेल तो वडिलांनी कोर्टातून मुलीचा ताबा मावशीला दिला तरच, नाहीतर एक दिवसही नाही. पूर्वीसारखं साधं संमतीपत्र आता चालणार नाही. तो रकाना बरोबर भरला असता तर ही अट आली नसती, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. मला ते कळलं.

पनवेलला फोन आमच्या घरून लागला, रविवारी दुपारी. जुईच्या वडिलांनी दुसरं लग्न केलं होतं, नवं बाळ होतं. माणूस वाईट नव्हता. वत्सलाताईंनी फोन स्पीकरवर टाकला होता, म्हणून मेघनानं आणि मी सगळं ऐकलं.

"ताई, कोर्टात सही मी करणार नाही," ते म्हणाले. "मागच्या खेपेला पोरीला विचारलं, जेवलीस का? तर 'या, पापा' म्हणाली, या म्हणजे हो म्हणे, आणि पुढं काय बोलली ते मला समजलं नाही. तिकडे कायमची राहिली तर माझी राहणारच नाही ती. इकडे आणा. तुमच्या घरी ठेवा, माझी ना नाही. मी महिन्यातून येऊन बघून जाईन. पण इकडे आणा."

वत्सलाताई एवढंच म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं, भावजी."

त्याच हिवाळ्यात त्यांच्या प्राध्यापकांनी त्यांना नोकरी देऊ केली. प्लास्टरच्या त्या सगळ्या दालनाची सूची करायची, तीन वर्षं, त्या स्वतः प्रमुख. ह्या बाईंनी कोळीवाड्यातल्या घरात ओट्याखाली बसून लॅटिनची रूपं पाठ केली होती, ती कशासाठी? ह्यासाठीच. मी त्यांना स्वच्छ सांगितलं, नाही म्हणू नका. जुईला वडिलांकडे जाऊ दे, सुट्टीत भेटा, असं आयुष्यात दुसऱ्यांदा मिळत नाही. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बघू. ओढणी परत करायची वेळ तर आली आहे."

आम्हाला त्याचा अर्थ उघड दिसत होता. पोर उसनी आणली होती, आता द्यायची. जानेवारीत त्यांनी जुईची पुस्तकं खोक्यात भरायला घेतली. मेघना वर जाऊन आली की बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायची. इरानं विचारलं की जुई जाणार का, तर आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो. मला जुई समोरून आली की रस्ता बदलावासा वाटायचा. एका शब्दानं मी ह्या पोरीला दुसऱ्यांदा आईवेगळी केली, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. एकदा जिन्यात तिनंच मला थांबवलं आणि विचारलं, "काका, बघितलं की हात सुटत नाही, हे खरं असतं का?" मी म्हटलं, ती गोष्ट आहे बाळा. ती "आख झो" म्हणाली, म्हणजे असं होय, आणि वर निघून गेली.

तोंडी परीक्षा मार्चमध्ये झाली. जर्मनीत नव्या डॉक्टरला सहकारी स्वतः बनवलेली टोपी घालतात, पुठ्ठ्याची, त्याच्या विषयाच्या खुणा चिकटवून. वत्सलाताईंच्या टोपीवर लाल कागदाच्या खेकड्याच्या नांग्या होत्या, ओकेआनससारख्या. ती टोपी घालून त्या पुतळ्यांच्या दालनात उभ्या राहिल्या आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जुई ट्रायटनच्या पायाशी बसून केक खात होती. प्राध्यापकांनी पेला उंच करून सांगितलं, फ्राऊ डॉक्टर टांडेल एप्रिलपासून ह्या दालनाच्या प्रमुख होतील अशी आम्हाला आशा आहे.

वत्सलाताईंनी टोपी काढली. गळ्यातली दोरी डोक्यावरून ओढली. त्या प्राध्यापकांजवळ गेल्या, किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली, आणि ठेवताना चेहरा पूर्ण खिडकीकडे वळवला. प्राध्यापक बिचारे गोंधळले. त्यांना वाटलं बाई हरखून गेल्या. माझ्या शेजारी मेघनानं माझा दंड धरला आणि म्हणाली, "अहो, ती जुईला नाही सोडत. ती हे सोडतेय."

त्या तुटक्या नाकाच्या मूर्तीकडे त्या पुन्हा गेल्या नाहीत. दालनातून बाहेर पडताना ती डाव्या हाताला होती. त्या उजवीकडच्या भिंतीकडे बघत गेल्या.

परतीचा प्रवास आठवड्यात ठरला. किनाऱ्यावरच्या तालुक्याच्या गावी एका कॉलेजात शिकवायचं, घर वडिलांचं, जुई त्यांच्याजवळ. स्टुटगार्टच्या विमानतळावर मी त्यांना सोडायला गेलो. इरा आणि जुई बाकावर बसून मराठीत भांडत होत्या, म्हणजे फार मनापासून. मला माफी मागायची होती. ती वाक्यं मी गाडीत तीनदा जुळवली होती, आणि आयत्या वेळी तोंडातून भलताच प्रश्न आला.

"ताई, तो रकाना खरंच वाचला होतात?"

"वाचला होता," त्या म्हणाल्या. "दोनदा."

"दोनदा कशाला?"

"दुसऱ्यांदा नुसतं बरं वाटलं म्हणून." मग हसल्या. "पण इंजिनिअर, ह्यापुढे दुसऱ्याचे फॉर्म भरू नका. आणि एकचा आकडा इथल्यासारखा काढायला शिका."

तपासणीच्या रांगेत दोघी पुढे पुढे गेल्या. वत्सलाताईंच्या एका खांद्यावर बॅग, दुसऱ्या हातात जुई. जुई मागं वळून इराला हात करत होती, एकदा, दोनदा, वळणावर पोचेपर्यंत. वत्सलाताईंनी मान वळवली नाही. जुई मागं बघत अडखळत चालली होती, म्हणून तिचा हात ताणला जात होता. तो त्यांनी घट्ट धरला होता, आणि काचेपलीकडे दोघी दिसेनाशा होईपर्यंत तसाच धरलेला होता.